वरच्या कप्प्यातली बाटली

मित्रांनो, सध्या माझ्या पोटात चिंध्या भरलेल्या आहेत, त्यामुळे तुम्ही मला मोडकं कपाट समजाल. समजा बापडे. पण मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा, पायाशी गंज चढलेला आणि स्वभावाने थंड. रागावलेल्या माणसाला लोक 'थंड हो' म्हणतात. मी जन्मभर थंड होतो आणि तरीही रागावलेलाच आहे. का, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबून माझं अंग घडवलं, वर बर्फाचा कप्पा बसवला, त्याला एक छोटी झडप लावली, दारात अंडी ठेवायच्या खोबणी केल्या. गार करायचं, एवढं एकच काम मला शिकवलं. काय गार करायचं आणि किती, हे ठरवायचं काम माणसांकडे ठेवलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आधी मी एका मालकांच्या घरी होतो. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. दार उघडलं की दिवा लागतो, हे बघायला शेजारची मुलं उगाच पाणी मागायला येत. पुढे घरात माझ्याहून उंच फ्रीज आला आणि मालकांनी मला त्यांच्या शिवणकारखान्यात आणून टाकलं. तिथे गणवेश शिवत. लांबलचक खोली, मशीनच्या रांगा, एका टोकाला इस्त्र्यांची वाफ आणि दुसऱ्या टोकाला कापड कापायचं मोठं टेबल. त्या टेबलासमोर, हात धुवायच्या बेसिनशेजारी माझा कोपरा. माझ्या पाठीवर धाग्यांची लव साठायची आणि मी धापा टाकत चालायचो. तरी सगळ्यांचे डबे, लिंबं आणि इस्त्रीकाकांची सरबताची बाटली मी नीट सांभाळली.

समोरच्या टेबलावर कटिंग मास्तरांचं राज्य होतं. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीनचं उभं पातं त्यातून फिरवायचं. हात हलला तर एक बाही वाया जात नाही, अख्खी चळत जाते. मास्तरांचा हात हलत नसे. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, कानावर खडूचा तुकडा आणि तोंडात कोणाची तरी थट्टा. मला ते थंडोबा म्हणत. "थंडोबा, आज पाणी जरा गार द्या, की तुमचाही पगार थकलाय?" असं विचारून स्वतःच हसत.

त्याच सुमारास फाटकावरचे रखवालदार एका दुपारी चक्कर येऊन खुर्चीवरून पडले. त्यांना मधुमेह आहे हे तेव्हा कळलं. मालक माझ्या दारात उभे राहून पाणी पिता पिता म्हणाले, "साखरवाल्या माणसाचा काही नेम नाही. आज फाटकावर पडला, उद्या मशीनवर पडेल. निस्तरायचं कोणी?" रखवालदार घरी गेले, ते कायमचे. मालकांचं बोलणं सगळ्या खोलीने ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात कोणालाच मधुमेह नव्हता. म्हणजे तोंडाने तरी नव्हता.

मला मात्र ठाऊक होतं, कारण दोघांची चोरी माझ्याच पोटात होती.

काजं-बटणं करणाऱ्या एक मावशी होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर आणि जीभ सुईसारखी. खालच्या फळीवर त्यांचा एक प्लास्टिकचा डबा असे. त्यावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'आंबट दही, हात लावू नये'. आंबट दह्याला कोण हात लावतो? झाकणाखाली कापसात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली होती. मावशी जेवणाआधी डबा घेऊन आतल्या बाजूला जात आणि दोन मिनिटांत तोंड पुसत बाहेर येत.

मास्तरांनाही इन्सुलिन सुरू झालं होतं. त्यांच्या घरी फ्रीज नव्हता. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना ते माझ्यासमोर खोलीकडे पाठ करून उभे राहत आणि सदरा जरासा वर करून सुई टोचून घेत. सुट्टीला बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेत. एरवी ती माझ्याकडे असे. पण कुठे ठेवायची? खालच्या फळ्यांवर सगळ्यांचे हात फिरत. मास्तरांनी खूप विचार करून धाग्याच्या रिकाम्या डबीत बाटली घातली आणि डबी वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे सारली. त्या कप्प्याची झडप कोणी उघडत नसे. शिवाय जितकं गार तितकं औषध टिकतं, असा त्यांचा हिशेब.

मित्रांनो, इन्सुलिन गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की ते गेलं. मग ते वितळलं तरी त्याच्यात दम राहत नाही. हे मास्तरांना कोणीतरी सांगितलंही असेल, पण घाबरलेल्या माणसाच्या कानात किती शिरतं? आणि विचारणार कोणाला? ज्यांना हे पाठ होतं त्या मावशी पाच-सहा मशीनपलीकडे काजं करत होत्या. त्यांची बाटली मास्तरांच्या बाटलीच्या खालच्याच फळीवर होती. एकाच घरात दोन माणसांनी एकमेकांपासून लपून बसावं, तसं चाललं होतं. मी मध्ये उभा, तोंडात मिठाची गुळणी धरून. मला दुसरं काय येत होतं?

मास्तर रोज ती बाटली तळहातावर चोळून वितळवत आणि टोचून घेत. बाटलीत पांढऱ्या कण्या दिसू लागल्या, तर ते ती जोरात झटकत. अंगात काहीच फरक पडेना. ते सारखे पाणी प्यायला येऊ लागले. सारखे बाथरूमला जाऊ लागले. गालफडं बसली. खडूची रेघ दिसावी म्हणून ते टेबलावर वाकून बघायचे आणि कोणी पाहिलं तर "दिवा मंद झालाय" म्हणायचे. थट्टा बंद झाली. मला थंडोबा म्हणायचंही ते विसरले. डॉक्टरकडे जायचं तर रजा घ्यावी लागणार, रजेचं कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की टेबल गेलं. म्हणून मास्तरांनी स्वतःच डोस वाढवला. सुईचा दट्ट्या आधी अर्ध्यावर थांबायचा, तो हळूहळू वरपर्यंत येऊ लागला.

मला साफ करायचं काम मावशींकडे होतं. एका शुक्रवारी सगळे गेल्यावर त्यांनी माझा प्लग काढला, दार उघडं ठेवलं आणि वरच्या कप्प्यातला बर्फ उलथन्याने खरवडायला घेतला. बर्फाबरोबर धाग्याची डबी खाली पडली. त्यांनी ती उघडली. बाटली दगडासारखी झाली होती. मावशी तशाच खाली बसल्या.

"हे काय करून ठेवलंय मास्तरांनी," त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या. "नुसतं पाणी टोचून घेतोय हा माणूस. म्हणून असा वाळत चाललाय."

डबी मास्तरांची आहे हे न ओळखायला काय झालं? त्या रंगाचा धागा त्यांच्याच टेबलावर असे. मावशींना सगळं कळलं होतं. शनिवारी त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन एक वाक्य बोलायचं, एवढंच उरलं होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला. मावशी, तुम्हाला हे कसं माहीत?

मावशींनी दुसरी युक्ती काढली. युक्ती हुशारीची होती आणि तीच आम्हाला नडली. बाटली फेकली तर बोभाटा होईल, म्हणून त्यांनी डबी तशीच लिंबांच्या मागे खालच्या फळीवर ठेवली, वरच्या झडपेला रुंद चिकटपट्टी लावली आणि शनिवारी जेवणाच्या वेळी मोठ्याने सांगितलं, "फ्रीजचा वरचा कप्पा बिघडलाय. कोणी काही ठेवू नका, फुटेल." हे सांगताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त मास्तरांकडे नाही.

सकाळी झडपेवर पट्टी बघून मास्तरांची पाचावर धारण बसली होती, पण डबी लिंबांमागे सापडली. साफसफाईत डबी न उघडताच हलवली असेल, असं त्यांनी मनाचं समाधान करून घेतलं. जुनी बाटली संपली. त्यांनी नवी आणली आणि डबीत घालून लिंबांमागे ठेवली. आता ती नीट गार राहू लागली, जशी राहायला हवी तशी. मावशी मनातून खूश होत्या. आपण कोणाला कानोकान खबर लागू न देता एका माणसाला वाचवलं, असं त्यांना वाटलं. मास्तरांनी डोस वाढवलाय, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ते कळायला दोन माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं.

नव्या बाटलीचं पहिलं इंजेक्शन मास्तरांनी सकाळी घेतलं. दट्ट्या वरपर्यंत. त्या दिवशी काम घाईचं होतं, म्हणून चहाबरोबरची बिस्किटंही त्यांनी बाजूला सारली. बाटली खरी, औषध खरं, आणि पोट रिकामं.

जेवणाच्या थोडं आधी मास्तरांना दरदरून घाम फुटला. ते काहीतरी बरळले. खडू शोधू लागले, जो कानावरच होता. मग उगाचच हसले. शेजारच्या मशीनवरून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आज सकाळीच घेतली वाटतं." सगळे हसले. इस्त्रीकाका मनाने चांगले, पण त्यांनाही तेच वाटलं. त्यांनी माझं दार उघडलं, लिंबू काढलं आणि मीठ घालून पाण्यात पिळलं. "पाजा हे, उतरेल," ते म्हणाले. लिंबाच्या शेजारी त्यांचीच सरबताची बाटली उभी होती, गोड, काठोकाठ भरलेली. मास्तर ते आंबट-खारट पाणी प्यायले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. त्यावरही लोक हसले.

मावशी हसल्या नाहीत. त्या मशीनवरून उठल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. त्यांनी माझं हँडल धरलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात हजारो हातांनी ते हँडल धरलं, पण असा हात मी पाहिला नाही. तो धरूनच राहिला. दार उघडायचं, सरबत काढायचं, पाजायचं. आणि कोणी विचारलं तर सांगायचं. त्या शेवटच्या गोष्टीपाशी हात अडला. रखवालदारांची रिकामी खुर्ची खिडकीतून दिसत होती.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थर राहिलाय." ते टेबलाकडे वळले. तळहात घामाने निसटत होता, म्हणून त्यांनी जाळीचा मोजा काढून ठेवला आणि मशीन सुरू केलं.

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. डाव्या हाताचा अंगठा गेला आणि त्याच्या शेजारचं बोटही गेलं. पांढऱ्या सदऱ्यांची चळत लाल झाली.

मग मावशी ओरडल्या. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "अरे, दारू नाही ती. साखर उतरलीय त्यांची. शुद्धीत आहेत तोवर गोड पाजा." त्यांनी सरबत मास्तरांच्या ओठांना लावलं आणि घोट घोट पाजलं. इस्त्रीकाकांनी कोऱ्या कापडात हात घट्ट गुंडाळला. मालक धावत आले. "ही दारूच आहे," ते म्हणाले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला आहे म्हणून कळतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझं दार सताड उघडलं, आंबट दह्याचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर झाकण उघडून मालकांच्या हातात दिला.

मग इस्त्रीकाकांनी इस्त्रीच्या टेबलाची गादी उचलली आणि खालून गोळ्यांची पाकिटं काढली. त्यांनाही तेच होतं. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरची ताई रडू लागली, कारण तिलाही तेच होतं. मागच्या रांगांतूनही एकेक हात वर झाला. म्हणजे मास्तरांवर हसणाऱ्यांतले निम्मे स्वतःच्या आजारावर हसले होते. मला तेव्हा इतका संताप आला की माझं मशीन घरघर करून बंद पडलं. लोकांना वाटलं वीज गेली.

मालक म्हणाले, "साखरवाले मशीनवर नकोत." मावशी म्हणाल्या, "मग अर्धा कारखाना घरी बसवा आणि गणवेश तुम्ही शिवा." मालक अर्धा कारखाना घरी बसवू शकत नव्हते. प्रत्येकाने एकेकटं लपवलं म्हणून ते प्रत्येकाला घाबरवू शकले होते. इतकं साधं गणित होतं ते.

त्यानंतर माझ्या दारातल्या खोबणींमध्ये बाटल्या उघड्यावर उभ्या राहिल्या. मावशींनी गणवेशाच्या कापडाचे छोटे तुकडे कापून प्रत्येक खोबणीला एकेक चिकटवला. काळा इस्त्रीकाकांचा, कारण आता त्यांनाही इन्सुलिन लागलं होतं. पिवळा ताईचा, निळा मावशींचा. एक पांढरा तुकडा रिकाम्या खोबणीला लावला होता. जेवण झालं की सगळे माझ्यापुढे स्टूल ओढून बसत. इस्त्रीकाका दिवसभर उभे, साखरेने बधिर झालेल्या त्यांच्या पायाला गरम पत्र्याचा चटका बसला तरी कळत नसे. मावशी त्यांना मोजे काढायला लावत आणि तळवे बघत. "बायकोने कधी माझे पाय बघितले नाहीत," काका म्हणत. मावशी म्हणत, "शहाणी आहे ती." ताई घरी कोणाला न सांगता जेवण टाळायची. इथे तिला कोणी उपदेश केला नाही. काका फक्त म्हणाले, "मीही तसंच करायचो, आणि मग रागाने सगळं एकदम खायचो." ती हसली. बाटली तळहातांत हळू फिरवायची, झटकायची नाही, कण्या दिसल्या तर सरळ फेकायची, हे मावशी पुन्हा पुन्हा सांगत. हे सगळं त्यांना आधीही येत होतं.

बऱ्याच दिवसांनी मास्तर आले. डावा हात खिशात. त्यांनी माझं दार उघडलं आणि रंगीत तुकडे लावलेल्या बाटल्यांची रांग बघत राहिले. गार हवा बाहेर जात होती, पण मी तक्रार केली नाही.

"एवढं सोपं होतं?" त्यांनी विचारलं.

मावशी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला माहीत होतं. चिकटपट्टी मीच लावली."

मास्तरांनी झडपेवरच्या पट्टीवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "चिकटपट्टी लावलीत, मावशी. त्यापेक्षा हाक मारायची होती."

"तुम्ही तरी कुठे मारलीत," मावशी म्हणाल्या. पण ते उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

मास्तरांनी खिशातून बाटली काढली, पांढऱ्या तुकड्याच्या खोबणीत ठेवली आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले. मालकांनी त्यांना फाटकावरची खुर्ची दिली. हो, तीच. कारखान्यातला सगळ्यात चांगला हात आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून देऊ लागला. जेवणानंतर मात्र ते न चुकता माझ्यापुढे येऊन बसत. ताईशी बोलत, काकांशी भांडत. मावशींशी ते पुन्हा कधी एक शब्दही बोलले नाहीत. मावशी काम सोडून लेकीकडे राहायला गेल्या, त्या दिवशीही नाही. मावशींनी मास्तरांच्या स्टुलावर ग्लुकोजच्या पुड्या ठेवल्या आणि निघून गेल्या. मास्तरांनी त्या खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशी निळ्या तुकड्याच्या रिकाम्या खोबणीकडे बघत ते दार उघडून उभे होते. माणसांचं असंच असतं. बोलायची वेळ गेली की मग त्यांना दार सापडतं.

पुढे माझं मशीन थकलं. नवा दोन दारांचा फ्रीज आला आणि मालकांच्या केबिनमध्ये बसला. तिथे औषधं ठेवायला परवानगी आहे, पण केबिनमध्ये स्टूल ओढून कोण बसणार? काका निवृत्त झाले. ताईला दुसरीकडे काम मिळालं. नव्या लोकांना काहीच माहीत नाही. मला बाजूच्या अंगणात पत्र्याखाली उभं केलं आणि माझ्यात चिंध्या भरल्या. खोबणीतले रंगीत तुकडे विटलेत, पण झडपेवरची ती चिकटपट्टी अजून निघालेली नाही.

गेल्या आठवड्यात शिवणावर नवी आलेली एक बाई इकडे आली. तिने आजूबाजूला पाहिलं, माझं दार उघडलं आणि ओल्या चिंधीत गुंडाळलेली एक बाटली माझ्या तळाशी लपवली. मी ओळखलं. कोण नाही ओळखणार? दुपारी पत्रा तापतो तेव्हा माझं पोट भट्टी होतं, मित्रांनो. मला आता गारही करता येत नाही. ती रोज सकाळी आणि जेवणाआधी येते, सुई टोचते, तोंड पुसते आणि जाते. तिचेही गाल बसू लागलेत.

फाटकावरच्या खुर्चीतून हे अंगण दिसतं. आज सकाळी ती येऊन गेली, आणि जेवणाच्या सुट्टीआधी मास्तर उठले. हळूहळू चालत आले, दार उघडलं, चिंध्या बाजूला केल्या आणि ओली पुरचुंडी सोडली. बाटली बघितली. पुन्हा गुंडाळून जागच्या जागी ठेवली, दार लावलं. उजवा हात माझ्या हँडलवरच राहिला. तो तसाच अडला होता, जसा एकदा दुसरा एक हात अडला होता.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला रंग देऊ नका, भंगारवाल्यापासून वाचवू नका. तुमच्या घरातही कोणाचा तरी न उघडायचा डबा असेल. तो गुपचूप सरकवून कोणावर उपकार करू नका. समोर जाऊन विचारा, आणि तुमचा डबा आधी उघडा. वस्तूंना बोलता येत नाही, हे एक वेळ ठीक आहे. तुम्हाला येतं.

मास्तर तसेच उभे होते. मशीनांचा आवाज थांबला, जेवणाची सुट्टी झाली. ती बाई कोपऱ्यावरून येताना दिसली आणि मास्तरांना बघून जागीच थबकली. परत फिरणार, एवढ्यात मास्तरांनी डावा हात खिशातून बाहेर काढला.

"बाई, इकडे या," ते म्हणाले. "आधी माझा हात बघा. मग बाटलीचं बोलू."